सोलो आणि सहीची गिटार

सोलो गिटार वाजवताना बोलायचा. साधंसुधं काही वाजवताना नव्हे. जिथे भल्याभल्यांची बोटं एकमेकांत गुंततात, नेमक्या त्या जागी तो समोरच्याला विचारायचा, "काय रे, तुमच्या विंगला पाणी आलं का सकाळी?" तो महानगरपालिकेच्या पाणी खात्यात होता, त्यामुळे प्रश्न प्रामाणिक असायचा. उत्तर ऐकून तो मान डोलवायचा, आणि तोवर बोटं ते अवघड वळण पार करून पुढे गेलेली असायची. मी गिटार वाजवताना दाढ काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखा दिसतो. हे माझं मत नाही, फोटो आहेत.

त्याला पाळण्यात ठेवलेलं एक नाव होतं, पण मुलुंडच्या आमच्या कॉलनीत ते कुणी वापरलं नाही. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात दोन कडव्यांच्या मधली, एकट्याने वाजवायची जागा कायम त्याची, म्हणून तो सोलो. मी रिदमला, म्हणजे साथीला. रिदमवाला मागे उभा राहून एकच गोष्ट नीट करत राहतो आणि चुकला तरच लोकांना दिसतो. वीस-पंचवीस वर्षं मी मागे उभा राहून त्याचं टक्कल वाढताना पाहिलं. त्याच्या बाबतीत मला मिळालेलं समाधान तेवढंच.

आमच्या घरातही त्याचं फार. तो आला की बायको गॅस बारीक करून बाहेर यायची. "भाऊजी, काहीतरी वाजवा ना." आणि भाऊजी माझीच जुनाट गिटार उचलून असं काही वाजवायचे, की ती गिटार माझ्याशी इतके दिवस खोटं बोलत होती असं वाटावं. एकदा मी न राहवून विचारलं, "मी वाजवतो तेव्हा कधी बाहेर येत नाहीस?" ती म्हणाली, "अहो, तुम्ही वाजवता तेव्हा मला कुकरच्या शिट्ट्या नीट मोजता येतात." सोलो हसला नाही. उलट म्हणाला, "वहिनी, ह्याच्या रिदमवर घड्याळ लावा." ही स्तुती होती, आणि स्तुती करायचा अधिकार त्याच्याकडे होता, यानेच माझं डोकं फिरलं.

कॉलनीत कुणालाही गिटार घ्यायची असली की सोलोला सोबत न्यायचं, अशी रीत होती. घाटकोपरला स्टेशनजवळ वाद्यांचं एक दुकान आहे. सोलो तिथे स्टुलावर बसायचा, दाखवलेली गिटार मांडीवर घेऊन दोन मिनिटं वाजवायचा आणि नेणाऱ्याचे डोळे भरून यायचे. शेठ त्याला चहा पाजायचा, पाजणारच. गिटार घरी यायची आणि तिच्यातून लोखंडी खाट सरकवल्यासारखा आवाज निघायचा. मग ती कपाटावर, बॅगांच्या शेजारी. आमच्या कॉलनीतल्या बहुतेक कपाटांवर सोलोने पसंत केलेली एकेक गिटार आहे. चूक कुणाच्याच लक्षात येत नव्हती. ती माझ्या लक्षात आली होती, आणि मी ती करणार नव्हतो.

तर मला एक गिटार हवी होती. इलेक्ट्रिक, 'सिग्नेचर' जातीची. सिग्नेचर म्हणजे कुणा जगप्रसिद्ध वादकाच्या पसंतीने बनवलेली, डोक्याशी त्याची सही छापलेली. अस्सल मॉडेल आपल्या आवाक्याबाहेरचं. पण त्याच सहीची एक स्वस्त आवृत्ती निघाली होती, आपल्यासारख्यांची कणव येऊन. जाहिरातीत लिहिलं होतं की त्या वादकाचा आत्मा तिच्यात उतरला आहे. स्वस्त आवृत्तीत किती उतरला, ते लिहिलं नव्हतं. असल्या थाटामाटाला मी आयुष्यभर हसत आलो आहे. तरी रोज फोनवर ती सही मोठी करून बघत होतो.

सोलोने नोकरी सोडायचं ठरवलं होतं. दसऱ्यानंतर कुडाळजवळच्या गावी जाऊन घर दुरुस्त करून तिथेच राहणार होता. म्हणजे गणपतीचा हा त्याचा शेवटचा कार्यक्रम. तो जायच्या आत, त्याच्यासमोर, मला एकदा तरी सोलो वाजवायचा होता. इतकी वर्षं जमलं नाही ते माझ्या भंगार गिटारमुळे, असं मी धरून चाललो होतो. चांगली गिटार घेऊनही जमलं नाही, तर मग धरून चालायला काहीच उरणार नव्हतं. घ्यावी की नाही, याचा निकाल त्यामुळे लागेना.

शेवटी बायको म्हणाली, "भाऊजींना घेऊन जा ना." आणि मी, सगळं कळत असूनही, त्याला घेऊन गेलो.

दुकानात सोलोने आधी सही बघितली. "हा आपल्याला ओळखतो का रे?"

"नाही."

"मग सही कशाला देतोय? सोसायटीचा सेक्रेटरी ओळखत असून देत नाही."

मग तो स्टुलावर बसला, अँप लावला आणि वाजवायला लागला. शेठला म्हणाला, "गुडघा कसा आहे आता?" शेठने गुडघ्याचं सांगितलं. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. माझा हात खिशातल्या पाकिटाकडे गेला आणि वाटलं, हीच. हीच पाहिजे.

"घेऊ?" मी विचारलं.

"थांब रे."

तो ताठ बसला. मग खांदे वर घेतले, मान डावीकडे वाकवली आणि डोळे बोटांवर रोखले. तेच गाणं पुन्हा वाजवायला लागला. तार गरजेपेक्षा जोरात दाबलेली, त्यामुळे सूर जरासा चढा. कॉर्ड बदलताना केसभर उशीर, आणि तो भरून काढायला पुढच्या दोन मात्रांत घाई. शेवटचा सूर सोडल्यावर वर एक चोरटी नजर, कुणी ऐकलं का बघायला.

शेठ म्हणाला, "क्या हुआ भाई, हाथ दुखता है क्या?"

"नाही शेठ, हा ह्याचा हात आहे." सोलो माझ्याकडे वळला. "बोल आता. हा आवाज आवडला तर घे. घरी हाच येणार आहे."

मला भयंकर राग आला. नंतर त्याहून वाईट गोष्ट लक्षात आली. मला वाटायचं, पुढे उभा असलेला हा माणूस पाण्याच्या चौकशा करत असतो, मागे काय चाललंय याचं त्याला काही नसतं. तो इतकी वर्षं माझा सूर न् सूर ऐकत होता. माझं वाजवणं एवढं लक्ष देऊन मीसुद्धा ऐकलं नव्हतं. आणि त्या स्टुलावर बसून त्याने ते ऐकवलं तेव्हा, कबूल करायला जिवावर येतं, ते तितकंसं वाईट वाटलं नाही.

"पॅक करा," मी शेठला म्हणालो.

"सही बघून घेतोयस की आवाज ऐकून?" सोलोने विचारलं.

"तुझ्यावर चिडून घेतोय."

"मग झकास. हौसेने घेतलेली कपाटावर जाते. चिडून घेतलेली माणूस वाजवतो."

गणपतीच्या कार्यक्रमात तो आपणहून मागे जाऊन उभा राहिला. माइकवर म्हणाला, "आज मी रिदमला." मी पुढे आलो, सोलो वाजवला. कॉर्ड बदलताना उशीर झाला तेव्हा मागून त्याने ताल असा काही लांबवला की उशीर मुद्दाम केल्यासारखा वाटला. टाळ्या पडल्या. जिन्यात बायकांचं बोलणं कानावर आलं, "सोलोभाऊजींनी आज रिदम काय वाजवला गं!" असा माणूस आहे हा. जागा देतो आणि ती दिल्याचं कौतुकही घेऊन जातो.

दसऱ्यानंतर टेम्पो आला. निघताना त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. "गावाक ये रे. गिटार घेऊन ये." मी म्हटलं, बघू. टेम्पो वळल्यावर बायकोने डोळ्यांना पदर लावला. मी पाण्याच्या टाकीकडे बघत राहिलो.

गेल्या महिन्यात कॉलनीच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला. देवळात भजनी मंडळी, पखवाज, झांजा, आणि मधे लुंगीतला सोलो गिटार घेऊन. वाजवता वाजवता बुवांना काहीतरी विचारतोय. खाली सगळ्यांचे जोडलेले हात आणि बदाम. मी इअरफोन लावून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा ऐकला. प्रकाशकांकडची मुद्रितं तपासण्यात माझी हयात गेली आहे. चूक नाही असं पान मी अजून पाहिलेलं नाही. आणि सापडली. दुसऱ्या कडव्याआधी त्याचं बोट सरकतं, एक सूर चुकीचा लागतो, आणि तो घाईने न सोडता त्यालाच किंचित खेचून पुढच्या सुरात नेऊन ठेवतो.

तो दिवस माझा फार आनंदात गेला.

दुसऱ्या दिवशी सहीची गिटार काढली आणि ती चूक वाजवायला बसलो. तेव्हापासून रोज ऑफिसातून आलो की बसतो. अजून जमलेली नाही.