न धुतलेली साडी

बीडच्या बसस्थानकाबाहेर मी सभेची पत्रकं वाटत होते, तेव्हा वडिलांचा फोन आला. "गया गेली," एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. गयाबाई ही त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, नेकनूरजवळच्या एका गावात राहणारी. सकाळी चुलीपुढं बसल्या जागी कलंडली होती. उरलेली पत्रकं पिशवीत कोंबून मी नेकनूरची बस धरली. वाटेत रडू यायच्या आधी मनात एक प्रश्न आला, आणि तो आधी यावा याची मला अजूनही चीड येते... आता लेकरांना कोण बघणार? दसरा तोंडावर होता.

दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची गावं अर्धी होतात. जोडपी ऊस तोडायला लांबच्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून जी जोडी होते, तिला धंद्यात 'एक कोयता' म्हणतात. दोन जिवंत माणसांना एका हत्याराचं नाव! आत्याचा मुलगा भारत आणि सून मीरा हा असाच एक कोयता. त्यांची दोन लेकरं, राणी आणि सोन्या, मागं आत्यापाशी राहायची. आत्यानं स्वतः उभा जन्म ऊस तोडला होता. भारत उसाच्या फडात, पाचटानं शाकारलेल्या खोपटात, कोपीत वाढला. त्याच्या आधीची मुलगी त्याच कोपीत तापानं गेली. ते आत्यानं मला एकदाच सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "माझी नातवंडं फड बघणार न्हाईत. मी हाय तवर तरी न्हाई." कंबर मोडल्यावर, गुडघे गेल्यावर तिच्या वाट्याला दोन लेकरांना सावकाश न्हाऊ घालणं, ऊन ऊन भाकरी कुस्करून भरवणं आलं. राणीला शाळेच्या दारापर्यंत सोडून ती तिथंच वळचणीला टेकायची. "भारत वाढला, पण मी कुठं वाढवला?" ती म्हणायची. "लेकरू कसं वाढवायचं ते आत्ता कळायलंय मला. कळून काय उपेग, हात चालंना झालेत."

ऊस तोडणाऱ्यांच्या घरांमध्ये एक रीत आहे. निघताना आई आपली अंगावरची साडी न धुता खुंटीवर ठेवून जाते. लेकरू त्या साडीवर झोपतं. मीरानं सोन्याला दूध तोडून पहिल्यांदा मागं ठेवलं, त्या वर्षी तिनं साडी स्वच्छ धुऊन, घडी घालून ठेवली. मळकं नेसणं सासूच्या घरात टाकून गेली, असं कुणी म्हणायला नको. सोन्या डोळा मिटेना. आत्यानं फडावर फोन लावला.

"मीरे, साडी धुतलीस कावून?"

"अवो, मळकी कशी ठेवू? माणसं काय म्हणतील?"

"मला माणसांना झोपवायचं हाय व्हय गं? लेकराला झोपवायचं हाय. अंगावरली काढ अन् धाड!"

गावाकडं येणाऱ्या कुणाच्या तरी बोचक्यातून साडी आली, काजळीनं काळी, उसाच्या रसानं ताठरलेली. ही गोष्ट सांगताना आत्या हसून हसून पदर तोंडाला लावायची. "वास असा, की म्या बी शिंकले. पण पोरगं त्यात नाक खुपसून असं झोपलं बग, जसं काय राजा!"

गुढीपाडव्याच्या सुमाराला कोयते परत यायचे. त्या वर्षी मीरा दारात उभी राहिली आणि सोन्या आत्याच्या पदराआड गेला. तिनं बिस्किटाचा पुडा पुढं केला. त्यानं हात लांब करून पुडा घेतला आणि परत पदराआड. मीरा गोठ्यामागं जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी आत्या पिशवी घेऊन तेलगावला आमच्या घरी हजर. पुढं दरवर्षीच ती पाडव्यानंतर यायची. आम्हाला वाटायचं, भावाला भेटायला येते. पण ती तर उंबऱ्यात बसून राहायची, जेवणात लक्ष नसायचं, रस्त्यावर कुणाचं पोरगं रडलं की उठून उभी राहायची. मी एकदा विचारलं, "आत्या, करमत नाही तर येतेस कशाला?"

"येडी हायेस. मी घरात असले तर ते आईकडं जाईल व्हय? लेकरू परत द्यायचं तर आपुन उठून जावं लागतंय." "आत्ता रडत आसल... रडू दे. रडून रडून तिच्याच मांडीवर निजंल."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. अक्षरओळख झाली ती वडिलांनी आणलेल्या मोर्चांच्या पत्रकांवरच. मी पेटले आणि आत्यावर एक पत्रक लिहिलं. साखरेच्या प्रत्येक कणात गावोगावच्या म्हाताऱ्यांची फुकट राबणूक विरघळलेली आहे, आणि ती कुणी मोजत नाही, असं त्यात होतं. तिला वाचून दाखवलं. ती राणीची वेणी घालत होती. "लई चांगलं लिवलंस," म्हणाली, "आता आण तो कागद इकडं." त्या कागदात तिनं फुटाणे बांधले आणि राणीच्या दप्तरात घातले. "घे, पोरीच्या कामाला आला." पत्रकातलं ते साखरेचं वाक्य मी आजही मागं घेणार नाही. फक्त ते वाचून कुणाचं लेकरू झोपलं नाही, हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

दहाव्याला मी गेले तेव्हा सोन्या धावत माझ्यापाशी आला, माझ्या मागं डोकावून बघितलं आणि म्हणाला, "आजीला आनलं न्हाईस?" आजी घरात दिसली नाही की ती तेलगावला आमच्याकडं असते, एवढं त्याला ठाऊक. मीरानं त्याला उचलून आत नेलं.

गावात लेकरांसाठी वसतिगृह होणार, असं याही वर्षी ऐकू आलं. ऐकूच आलं. शेजारच्या म्हाताऱ्यांपाशी आपापली नातवंडं. मी भारतदादाला म्हणाले, "राणीला तरी माझ्याकडं ठेव. बीडला शाळा बघते." उत्तर राणीनंच दिलं. नऊ वर्षांची पोर, वेणी आता स्वतःच घातलेली, वाकडी.

"ताई, मी ऱ्हायले तर फडात सोन्याला कोन बघल?"

लेकरं सांभाळायचं आत्याचं काम त्या घरात एका दिवसानंही थांबलं नाही, ते नऊ वर्षांच्या पोरीकडं गेलं...

मागच्या आठवड्यात ट्रॅक्टर आला. भांडी, पिठाची पोती, सरपण चढलं, त्यावर दोघं लेकरं. राणीनं सोन्याला कमरेशी धरलं होतं, अगदी आत्या धरायची तसं. खालून मुकादम ओरडला, "चला ओ, आवरा!" मीरा शेवटची आत गेली. तिला उशीर लागला म्हणून मी बघायला गेले. तिनं साडी बदलली होती आणि अंगावरची, रोजच्या घामाची, न धुतलेली साडी खुंटीवर नीट टांगत होती. दरवर्षीचा हात, आपोआप चाललेला. मग ती थांबली. साडीकडं बघत राहिली. बाहेर सोन्याचा आवाज येत होता, "आये, चल की!"

तिनं साडी खुंटीवरून काढली नाही. बाहेर येऊन दाराला कुलूप लावलं.

घर बंद आहे. आत खुंटीवर ती साडी आहे.