तराजूत न घालायचे कागद

आमच्या गल्लीत सकाळी आठला घंटागाडी येते. गाणं वाजवत येते, आणि त्या गाण्याचा मला मनापासून राग येतो. तरी पहिल्याच ओळीला मी बादल्या उचलून दारात उभी राहते. हिरव्या बादलीत ओला कचरा, निळ्या बादलीत सुका. गल्लीला ही शिस्त मीच लावली आहे, मग तक्रार करायची कुणाकडे?

जिंतुरात मी लहानाची मोठी होत होते, तेव्हा आमच्या घरात कचरा म्हणावं असं फारसं काही निघतच नसे. भाजीची देठं आणि शिळे भाकरतुकडे शेजारच्या म्हशीला जात, चुलीतली राख भांडी घासायला. राहता राहिली रद्दी, फुटके डबे, गंजका पत्रा. ते सगळं पलंगाखाली सारून ठेवायचं, भंगारवाले चाचा येईपर्यंत.

चाचा दर बुधवारी सायकल घेऊन यायचे. मागे दोन पोती, एकात रद्दी, दुसऱ्यात भंगार. बदल्यात आईला लसूण आणि मला मूठभर फुटाणे. आई त्यांना भाऊ म्हणायची, आणि लसणाच्या एका गड्ड्यावरून त्यांच्याशी अशी भांडायची की नवख्या माणसाला वाटावं, आता पोलीसच बोलवावे लागतात. भांडण संपलं की तीच आत जाऊन चहा टाकायची. ते बुधवार मला फार आठवतात. आता आठवड्यातला कुठलाच वार दुसऱ्या वारापेक्षा वेगळा वाटत नाही.

चाचांच्या हँडलला पांढऱ्या मांजरपाटाची एक तिसरी पिशवीही असायची, स्वच्छ धुतलेली. लग्नपत्रिकेवरचा गणपती, कॅलेंडरवरची लक्ष्मी, पोथीची सुटलेली पानं, मागच्या आळीतून आलेलं बुद्धवंदनेचं फाटकं पुस्तक, उर्दूतले कागद, असं काही रद्दीत निघालं की चाचा थांबायचे. हात शर्टाला पुसायचे आणि तो कागद उचलून त्या पिशवीत ठेवायचे.

"ह्याचं वजन करायचं नसतं, ताई," आईला सांगायचे.

वर्षातून दोनदा ते लेकीकडे येलदरीला जात, तेव्हा पिशवीतलं सगळं पूर्णेच्या पाण्यात सोडत. "थंडं करून आलो," म्हणत. असा कागद उकिरड्यावर टाकायची छाती आमच्या गल्लीत कुणाचीच नव्हती. तो कुणाच्या पायाखाली येणार नाही, ही काळजी चाचांनी न सांगता आपल्या अंगावर घेतली होती.

पुढे आई गेली. मी गावातल्याच शाळेत शिकवायला लागले. चाचांची दाढी पांढरी झाली, पण बुधवार चुकला नाही. मग काही वर्षांपूर्वी नवा नियम आला. घर असो, दुकान असो, खानावळ असो, सगळ्यांनी एकाच पद्धतीनं कचरा वेगळा करायचा आणि घंटागाडीतच द्यायचा. लोकांना हे समजावायचं कुणी? मास्तरांनी. जनगणना आमचीच, निवडणूक आमचीच, आता कचराही आमचाच. मला माझीच गल्ली दिली.

घरटी दोन बादल्या वाटल्या. आठवड्यानं बघायला गेले, तर एका घरी हिरव्या बादलीत तुरीची डाळ भरलेली, आणि निळी नळाचं पाणी साठवायला मोरीत.

"अहो, ही कचऱ्याची बादली हाय ना?" मी म्हटलं.

"बाई, लय चांगली हाय हो बादली! एवढ्या कोऱ्या बादलीत कचरा टाकायला हात कसा धजावा?"

मग मात्र मी पदर खोचला. महिनाभर रोज सकाळी दारोदार हिंडले. बायका चाचांसाठी रद्दी बाजूला ठेवत, तीही मी गाडीत टाकायला लावली. नियम म्हणजे नियम. चाचांचं काय होईल हे तेव्हा मनात आलंच नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण आलं होतं. ते मी बाजूला सारलं. शेवटी आमच्या गल्लीचं गावभर कौतुक झालं, आणि माझा सत्कारही.

त्यानंतरच्या एका बुधवारी मी रजेवर होते. चाचा गल्लीत शिरले. एकेका दारातून आवाज यायला लागला. "न्हाई चाचा, गाडीत दिलं." "बाईंनी सांगितलंय, चाचा." चार दारं झाली, पाचवं माझं. दोन्ही पोती रिकामी, कॅरिअरला घडी करून बांधलेली.

त्यांनी रद्दी मागितलीच नाही. म्हणाले, "बेटी, देवाचं काही हाय का?"

घरात दोन लग्नपत्रिका होत्या. हात पुसून त्यांनी त्या पिशवीत ठेवल्या. ह्या कागदांचं त्यांना काहीच मिळत नव्हतं, आणि आता आमच्या गल्लीतून त्यांना मिळणार होतं ते एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चाचा, पुढच्या बुधवारपासून माझ्या घरची रद्दी तुमचीच. शेजाऱ्यांनाही सांगते."

"नको बेटी. तूच गल्लीला शिकिवलंस. आता तूच मोडायलीस म्हनल्यावर उद्या कोन ऐकंल तुझं? मास्तरनीनं आपला शबूद असा फिरवू नये."

"मग तुमचं कसं?"

"माझं काय, लेक बोलवायलीय येलदरीला."

"बरं," मी लगेच म्हटलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

पुढच्या बुधवारी चाचा आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. लेकीनं बोलावलं होतं हे खरंच होतं, पण जायचं त्यांच्या मनात नव्हतं, हे मला त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं. चार घरं जरी राहिली असती तरी गाव सोडलं नसतं, असं म्हणत गेले म्हणे. माझा मान राहावा म्हणून त्यांनी नको म्हटलं होतं, आणि मी लगेच बरं म्हटलं.