सापडलेली नथ

मोठ्या तांब्याच्या भांड्यात उकड्या तांदळासाठी भात उकडू लागला की त्याचा एक दमट, किंचित करपट, तरीही मनाला धीर देणारा वास आमच्या वालावलच्या घरात पसरत असे. माघ सरत आलेला, आंब्यांना मोहोर धरलेला, तळीवरून येणाऱ्या वाऱ्यात अजून थोडा गारवा शिल्लक. अशा सकाळी पडवीच्या टोकाशी आमच्याकडे कामाला येणारी येसू मुसळ घेऊन उभी राही आणि तिच्या घावांचा ठेका घराच्या श्वासात असा मिसळून जाई, की तो थांबल्यावरच तो चालू होता हे कळावे. त्या ठेक्याचे थांबणे मला एका दुपारचे आठवते. इतरांना त्या दुपारची आठवण माझ्या हुशारीची म्हणून आहे. माझ्या सासरी ती अजूनही कौतुकाने सांगितली जाते, आणि ती सांगितली जात असताना मी काहीतरी आणण्याच्या निमित्ताने उठून स्वयंपाकघरात जाते.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्नचा तो सुमार. माझे वडील, अण्णा, शाळेत मास्तर होते. घरात आई होती, धाकटी भावंडे होती, अण्णांची विधवा थोरली बहीण म्हणजे आमची आत्या होती, आणि मला रहस्यकथांचे वेड होते. वाचनालयातून येणारी ती जीर्ण, कोपरे दुमडलेली पुस्तके मी भाजी निवडता निवडता वाचून काढी. कुठलासा बंगला, नाहीसा झालेला दागिना, सर्वांना दिवाणखान्यात गोळा करून एकेकाच्या चेहऱ्यावर नजर रोखणारा तो धीरगंभीर गुप्तहेर. हे सारे मला इतके पाठ झाले होते, की त्या जानेवारीत फोंडाघाट चढून कोल्हापूरला मामांकडे गेलो असताना तीनच्या खेळाला पाहिलेल्या त्या हिंदी विनोदी चित्रपटाने माझ्यावर जणू मोहिनीच घातली. चित्रपटाचे नाव आता आठवत नाही. त्यात माझ्या साऱ्या लाडक्या रहस्यकथांची मनमुराद थट्टा होती. लठ्ठ गुप्तहेर, गुडघ्याखाली लोंबणारा कोट, पोपटाच्या चोचीवरही धरलेले भिंग. घरातल्या प्रत्येकावर तो अगदी पुराव्यानिशी चोरीचा आळ घेई आणि दर वेळी तोंडघशी पडे, आणि अखेरीस हरवलेला हार त्याच्याच टोपीतून खाली पडे. मी हसून हसून रडले. परतीच्या एसटीत, घाटाच्या वळणांवर, भावंडांना त्याची नक्कल करून दाखवताना मी पुन्हा हसले. असे काहीतरी आपल्या घरात घडवून आणावे, ही कल्पना तिथेच कुठेतरी मनात रुजली असावी.

त्यानंतर महिन्याभरात सावंतवाडीची मंडळी मला पाहायला येणार असे ठरले. त्या दिवशी आईने ठेवणीतली नथ काढून माजघरातल्या आरशापुढे ठेवली होती. तिच्या आईची नथ. सात मोत्यांची, मधल्या लाल खड्याला आतून उजेड असल्यासारखी. दुपारची जेवणे झाली, घर किंचित सुस्तावले, आणि मी ती नथ उचलून रुमालाच्या टोकाला गाठ मारून कमरेला खोचली. अर्ध्या तासाचा खेळ करायचा, भावंडांना ओळीने बसवायचे, अण्णांचे भिंग डोळ्याला लावून एकेकाला गुन्हेगार ठरवायचे आणि शेवटी नथ माझ्याच रुमालातून काढून दाखवायची. एवढेच माझ्या मनात होते. पाहुण्यांच्या येण्याने मनावर आलेला ताणही त्यात विरून जाईल, असे वाटले होते.

पण भावंडांना गोळा करायच्या आधीच आई नथ घालायला आरशापाशी गेली.

तिचे "अगो बाय" मी पडवीतून ऐकले. मग आत्याची पावले, मग उघडझाक होणाऱ्या फडताळांचे आवाज. त्या वेळी मी बोलायला हवे होते. एक वाक्य पुरले असते. थट्टा केली म्हणून आत्या रागावली असती, आई कदाचित हसलीही असती. मी का बोलले नाही, याची उत्तरे मी आजवर अनेक तयार केली आहेत: पाहुणे यायला घटकाभरही वेळ उरला नव्हता, त्यांच्यासमोर आपला पोरकटपणा उघड झाला तर काय, अण्णा काय म्हणतील. ही उत्तरे खोटी नाहीत. पण त्यांच्या तळाशी आणखी एक आहे आणि ते मी कुणाला सांगितलेले नाही. आत्या तरातरा पडवीत आली, येसूसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मुसळाचा आवाज थांबला, आणि मला हसू आले. अगदी सिनेमातल्यासारखे दिसत होते ते. पुढे काय होते ते बघावे, असे मला वाटले.

"येसू, मघाशी तू माजघरात कित्याक गेल्लंस गो?" आत्याने विचारले.

"पाणी ठेवूक गेल्लंय, आत्याबाय."

"जरा पदर झाडून दाखय बघया."

येसू चाळिशीची असेल. आमच्याकडे कामाला येऊन तिला दहा-बारा वर्षे झाली होती. माझ्या गोवरात ती रात्रंदिवस उशाशी बसली होती. तिने मुसळ भिंतीला टेकवले, खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उतरली आणि उन्हात उभी राहून पदर झाडला. कोंड्याचे बारीक कण उडाले आणि उन्हात क्षणभर सोन्यासारखे चमकले. मग आत्याने तिला कमरेची ओटी सोडायला सांगितली. अर्धी सुपारी, चुन्याची डबी, कसलासा दोरा. मग आत्या म्हणाली, "केस सोड."

येसूने एकदा अण्णांकडे पाहिले. ते पडवीत आरामखुर्चीवर होते. अण्णा उठले, आणि आत निघून गेले. येसूने अंबाडा सोडला. मी तिचे मोकळे केस त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. ते कमरेपर्यंत होते आणि मधूनमधून पांढरे झाले होते. परक्यांच्या खळ्यात, भर उन्हात, ती मान खाली घालून केस झटकत राहिली. माझे हसू केव्हाच मावळले होते, आणि तरीही माझे तोंड उघडेना. पाय मात्र हलले. मी माजघरात गेले, रुमालाची गाठ सोडली, आरशाखालच्या कापडाच्या घडीत नथ सरकवली आणि ओरडले, "गावली! हय आसा!"

एवढा आनंद झाला सगळ्यांना. आईने मला पोटाशी धरले. आत्या पडवीत जाऊन म्हणाली, "गावली गो येसू. बस, चाय घेवन जा."

"गावली मा? बरा झाला," येसू केस बांधत म्हणाली. "चाय नको. भात कांडूचा रवला हा." आणि मुसळाचा ठेका पुन्हा सुरू झाला.

सावंतवाडीची मंडळी आली तेव्हा तो सुरू होता. नथ आईच्या नाकात होती, आणि आत्याने पोहे पुढे करताना ती ताजी हकिगत रंगवून सांगितली: साऱ्या घराने शोधून जी सापडली नाही ती आमच्या शालूने पाच मिनिटांत हुडकली, मुलगी म्हणजे साक्षात गुप्तहेर आहे! सगळे हसले. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या की अशी चलाख सून घरात हवीच. लग्न ठरले. सासरी बरीच वर्षे दीर मला गुप्तहेर वहिनी म्हणत, आणि एखादी किल्ली हरवली की हाक येई. मी किल्ली शोधून देत असे. आपल्या अंगावर चढवलेला एखादा दागिना खोटा आहे हे फक्त आपल्यालाच ठाऊक असावे, तसे ते नाव मी मिरवत राहिले.

येसू कामाला येत राहिली. माहेरपणाला गेले की दिसे. आईने एकदा सहज सांगितले, की हल्ली येसूला एक विचित्र खोड लागली आहे. संध्याकाळी घरी जाताना ती खळ्यात थांबते, पदर झाडते, आणि मगच जाते. कुणी सांगितलेले नाही, कुणी विचारत नाही. मुले तिची नक्कल करतात. हे सांगताना आई हसत होती, आणि मी मुलाच्या अंगड्याचे बंद पुन्हा पुन्हा बांधत होते.

त्या दुपारनंतर आठ वर्षांनी, एका वैशाखात, मी तिच्या घरी गेले. तिचे काम सुटले होते. गुडघे गेले होते. ती दारात कोकमाचे रातांबे फोडत बसली होती. हात मनगटापर्यंत लाल झाले होते, आणि फोडलेल्या फळांचा आंबटगोड वास त्या लहानशा अंगणात दाटला होता. मी तिच्यासमोर बसले.

"येसू, ती नथ मियाच लपयल्लंय," मी म्हटले.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "तुज्या रुमालाची गाठ माका तेव्हाच दिसलेली."

"मग बोललंस कित्याक नाय?"

"बोलान काय झाला असता, बाय? माजा कोणी खरा मानूचा नाय. आणि दुसऱ्या दिवशी कामाक येवक गावला नसता." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला त्याच्यापुढे डोके टेकता आले असते. तिने आणखी एक रातांबा फोडला, बिया एका बाजूला, साल दुसऱ्या बाजूला. मग म्हणाली, "पण त्या केलंस कित्याक गो? इतकी वर्षां माका ह्याच समजाना."

मी तिला चित्रपटाचे सांगितले. तिने सिनेमा कधी पाहिला नव्हता. म्हणून मला पहिल्यापासून सांगावे लागले: बंगला, हरवलेला हार, लठ्ठ गुप्तहेर, पोपट, भिंग. ती हातचे काम थांबवून लक्ष देऊन ऐकत होती, एखाद्या कीर्तनाला बसल्यासारखी. मग मी त्या बंगल्यातल्या कामवालीपाशी आले. गुप्तहेर तिला सगळ्यांसमोर उभे करतो, तिचे गाठोडे सोडतो, त्यातून फणी पडते, लसणाची माळ पडते, जुना फोटो पडतो, आणि दर वस्तूगणिक तो दचकून मागे उडी मारतो; तिथे थिएटर नुसते हसून कोसळले होते, असे मी सांगत होते, आणि सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. येसू हसली नाही. ती पुढचे ऐकायला थांबली होती.

"मगे?" तिने विचारले. "त्या बायलेचा काय झाला?"

मला सांगता येईना. हार टोपीतून पडला होता, नायक-नायिकेचे जुळले होते, पोपटही शेवटच्या गाण्यात पुन्हा दिसला होता. ती मात्र गाठोडे आवळत पडद्याच्या कडेने गेली होती, आणि मी एवढी हसत होते, की ती परत आली की नाही हे मी पाहिलेच नव्हते.