हळू चालणारा पुढं

कळसूबाईच्या पायथ्याला, बारी गावात, गोजरबाईंचं नाव घेतलं की शेंबडं पोरही घर दाखवतं. राज्यातल्या सगळ्यात उंच शिखरावर ही बाई गेली बावीस वर्षं अख्खी कुटुंबं चढवते आणि दिवस मावळायच्या आत सुखरूप उतरवते. तगड्या तरुणांना वाट दाखवणारे इथं पैशाला पासरी मिळतील. पण आजी, नातवंडं, गुडघेदुखीवाले जावई असा लवाजमा घेऊन आलेल्यांनी गोजरबाईंकडेच यावं.

त्यांचा कायदा एकच. सगळ्यात हळू चालणारा पुढं, बाकीचे त्याच्या मागं. पुढचा तो माणूसच वर पोचल्यावर देवीची घंटा आधी वाजवणार. हा कायदा त्यांना कुणी शिकवला नाही, त्या चूक करून शिकल्या. पहिल्याच वर्षी नवरात्रात त्या तुरुतुरु पुढं चालत राहिल्या, आणि देवळापाशी मोजतात तर एक म्हातारी कमी! ती बिचारी कड्यावरच्या खालच्या लोखंडी शिडीपाशी धुक्यात एकटीच रडत बसलेली सापडली. त्या दिवसापासून गोजरबाई कायम शेवटी. घाईच्या पाहुण्यांनी नाकं मुरडली, पण त्यांनी कुणाला भीक घातली नाही.

आता गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून या सप्टेंबरात काम लेकीच्या, अश्विनीच्या, हाती सोपवायचं ठरलं. मोबाईलवर बुकिंग घेण्यात पोरगी पटाईत. पण कायदा पाळेल का? शहरातल्या माणसांनी घाई केली की विरघळणार तर नाही? गोजरबाईंचा जीव त्यातच अडकला होता. म्हणून तिच्या पहिल्या फेरीला "मी आपली मागं हाय" म्हणत त्याही निघाल्या.

पाहुणे नगरचे होते. सुहासराव, त्यांची बायको प्रणिता आणि आठ वर्षांची पूजा. अश्विनीनं पूजाला पुढं काढलं, तशा गोजरबाई गालातल्या गालात हसल्या. चला, निम्मी परीक्षा तर पास झाली.

सोनकीच्या फुलांनी उतार पिवळेधमक झाले होते. दुसरी शिडी चढून झाली आणि गोजरबाईंचा उजवा गुडघा रुसला. मग ज्या गोष्टीवरून त्यांनी शेकडो लोकांना फैलावर घेतलं होतं, तीच त्यांनी स्वतः केली. गुपचूप मागं राहिल्या. पोरीच्या पहिल्याच दिवशी आपल्यापायी खोळंबा नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

अश्विनीनं मागं वळून पाहिलं. "थांबा समदे," ती म्हणाली.

"अहो ताई, ढग येतायत!" सुहासराव वैतागले. "वरून भंडारदऱ्याचं पाणी दिसावं म्हणून तर हा सगळा आटापिटा. मावशी येतील की सावकाश, त्यांना वाट काय नवी आहे?"

"व्हय गं, तुमी व्हा फुडं!" गोजरबाईंनीही खालून री ओढली.

अश्विनी झपाझपा खाली आली आणि तिनं आईचा हात धरला. "आये, कायदा तुजाच हाय न्हवं? मग तुला येगळा न्हाई." मग ती सुहासरावांकडे वळली. "दादा, आमी असंच चालतो. पटत नसंल तर समदे मिळून हितनंच खाली उतरू."

सुहासराव वाटेतून बाजूला सरकले. पूजानं हसत पुढची जागा सोडली. "लई शानी झाली," असं पुटपुटत का होईना, गोजरबाई रांगेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. त्या थांबल्या की सगळे थांबत, त्या निघाल्या की सगळे निघत.

वर पोचेपर्यंत व्हायचं तेच झालं. ढगानं सगळं गिळून टाकलं होतं. भंडारदरा नाही, रतनगड नाही, चार हातांपलीकडचं काही दिसेना. सुहासराव कपाळाला हात लावून बसले.

गोजरबाईंनी मात्र घंटा अशी दणक्यात वाजवली की पूजानं कानांवर हात ठेवले. मग पदरानं डोळे पुसत त्या सुहासरावांपाशी आल्या. अभिमान त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

"पानी काय कुटं पळून जात न्हाई सायेब, फुडच्या खेपंला दिसंल," त्या म्हणाल्या. "माजी पोरगी बगितली न्हवं?"