मनाईची खूण

कांदावू बेटावर कोणी मोठं माणूस वारलं की गावकरी समुद्राच्या एका भागात काठी रोवतात. तिच्यापुढे कोणी मासे धरत नाही. पहारा नसतो. वासिती तिथे वाढली आणि राजधानीत, सुव्यात, प्रोग्रामर झाली.

गावच्या दवाखान्याची वेबसाइट तिच्याकडे आली. बायकांचे तपासणीचे रिपोर्ट जिचे तिलाच दिसावेत, एवढी एक अट. कोडच्या तुकड्याच्या डोक्यावर चौकोनी कंसात खूण लिहिता येते. वासितीनं स्वतःची खूण बनवली, नाव ठेवलं मनाई. रिपोर्ट उघडणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर ती लावली. लॉगिन करून पाहिलं. सगळं चालत होतं.

सोमवारी साइट सुरू झाली. दुपारी तिच्याच ऑफिसातला मामेभाऊ इमोसी उकडलेला कसावा खात शेजारी येऊन बसला.

"काय गं मासेवाले, दाराला कुलूप घालायचं राहिलं का?"

"आधी तुझ्या तोंडाला घालते."

"अगं, मी लॉगिन केलेलं नाही. पानाच्या पत्त्यातला आकडा बदलला फक्त. हे बघ."

फोनवर रिपोर्ट उघडला होता, वर गावच्या उनाइसीआत्याचं नाव होतं. त्यानं लगेच फोन उपडा ठेवला.

"मनाई लिहिलीय की," वासिती म्हणाली. "सगळीकडे."

"लिहिलीस गं. पण वाचतं कोण? सर्व्हरला काय तुझ्या गावाचा धाक आहे?"

खूण ही नुसती खूण असते. पान उघडण्याआधी ती शोधून आडवा येणारा कोड वेगळा लिहावा लागतो. तो तिनं लिहिलाच नव्हता. तिनं साइट बंद केली. कोड लिहिला. लॉगिन न करता पान उघडून पाहिलं, दुसऱ्या नावानं लॉगिन करूनही पाहिलं. उघडेना.

"झालं तर," इमोसी म्हणाला. "मी कुठे बोलणार नाही."

"मी बोलणार आहे."

शनिवारी ती बोटीनं गावी गेली. माफी मागताना ठेवतात तशी यांगोनाच्या मुळ्यांची जुडी उनाइसीआत्यापुढे ठेवली. मान खाली घालून सगळं सांगितलं. आत्या जुडीला हात लावेना.

"कोणी पाहिलं?"

"इमोसीनं. नाव तेवढं. बाकी कोणी उघडलं नाही, मी तपासलंय."

"त्या माकडालाही आणायचं होतंस."

"त्याला बोट लागते, आत्या."

बाजूच्या बायका हसल्या. आत्या हसली नाही. थोड्या वेळानं तिनं जुडी ओढून घेतली, पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या. माफी झाली.

"आता माझा रिपोर्ट तिथून काढ," ती म्हणाली. "नर्सच्या कपाटात बरा होता."

"आता कुलूप पक्कं आहे, आत्या."

"असेल."

वासितीनं तिथेच बसून फोनवरून तो काढला. मग दुसरी बाई पुढे सरकली आणि तिनं आपलं नाव सांगितलं.