कॉम्प्युटरचा फॅन गप झाला तवा

माझी पोरगी हाक मारली तर वळत न्हाय, हे पयल्यांदा माझ्या ध्यानात आलं न्हाय, आत्याबाईंच्या आलं. आत्याबाई म्हंजे माझ्या सासूबाई. मी आई असून धा म्हैने मला कळलं नव्हतं. नववीत शाळा सुटली ती सुटलीच, पन हे बोलून सांगायला जमत न्हाय, म्हनून लिवते.

आमी शिवाजी पेठेत एका खोलीत ऱ्हात हुतो. त्याच खोलीत गॅस, पलंग, पोरगीचा पाळना आनि ह्यांचा कॉम्प्युटर. हे लग्नाच्या पत्रिका नि हँडबिलं टाईप करून छापखान्याला द्यायचे. कॉम्प्युटर जुना, एक नेट कॅफे बंद पडला तिथनं आनलेला, आनि त्याचा फॅन असा वरडायचा की पिठाची गिरन घरात आनून बसवल्यागत. सकाळी बटन दाबलं की घर्रर्र सुरू, ते दिवसभर. आमी सगळी वरडूनच बोलायचो.

आत्याबाई दाराजवळ तांदूळ निवडत हुत्या, पोरगी त्यांच्याकडं पाठ करून बसलेली. त्यांनी तीनदा हाक मारली. मग मला म्हनल्या, "पोरगी हाकंला वळत न्हाय गं. बघितलंयस काय कवा?"

मी म्हनले, "आवं त्या फॅनात कुनाला ऐकू येतंय? मला तरी कुठं येतंय?"

"तू वळतीस की," त्या म्हनल्या. "तुमच्या म्हायेरच्या, कबनूरच्या मानसांचं कान मागाच्या खडखडाटात गेलं, पोरगीला तरी सोडायचं."

मला लई लागलं ते. माझा बाप जल्मभर यंत्रमागावर, त्याला कानाशी वरडल्याबिगर ऐकू येत न्हाय हे खरं हाय. पन ते म्हातारपनी. धा म्हैन्यात कुनाचं कान जात्यात व्हय?

ह्यांना सांगितलं तर हे आधी हसले, मग म्हनले, फॅनच हाय त्यो, आधी त्यो गप करू, मग बघू. त्या एका बोलन्याला मी धरून बसले.

दुकानदार म्हनाला आतला सगळा डबाच बदला, नवा टाका. आकडा ऐकून हे बरं म्हनले नि परत आले. मग घरातच सुरू झालं. पयल्यांदा मी त्याच्यावर जाडी चादर टाकली, आवाज कमी झाला म्हनून खूश झाले, तर अर्ध्या तासात आतनं तापून बंद पडला आनि ह्यांची अर्धी पत्रिका गेली. मग सायकलच्या फाटक्या ट्यूबचं तुकडं कापून खाली घातलं. मग फॅनच्या स्क्रूला त्याच ट्यूबच्या चकत्या घातल्या. टेबलाचं थरथरनं गेलं, फॅनचं वरडनं न्हाय. हे रंगाच्या ब्रशनं धूळ काढत बसले, लोळं निघालं नुस्तं.

मग मी कान लावला. मागवाल्याची पोरगी हाय मी. कोरडा बुश, म्हंजे दांडा ज्यात फिरतोय ती कडी, कसा वरडतोय ते मला झोपंतबी कळतंय. मी म्हनले, ह्यो तेल मागतोय, दुसरं काय न्हाय. ह्यांना पटंना, पन करतील काय. भावाला निरोप धाडला, त्यानं खोकल्याच्या औषदाच्या रिकाम्या बाटलीतनं मागाचं तेल आनून दिलं.

आनि ती बाटली मी चार दिवस मिरचीच्या डब्याच्या मागं लपवून ठेवली. हे इचारायचे, तुजा भाऊ आला न्हाय व्हय अजून? मी म्हनायची, न्हाय. का म्हंजे, फॅन वरडत हुता तवर माझ्या पोरगीला ऐकू येत हुतं.

बाटली घावली आत्याबाईंना. पोरगीचं औषद हाय म्हनून त्यांनी झाकन काढून वास घेतला. माझ्याकडं बघितलं, ह्यांच्या हातात दिली, आनि परत तांदूळ निवडाय बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ऐतवारची दुपार हुती. ह्यांनी फॅन खोलला, मधला गोल कागद नखानं सोडवला, दोन थेंब तेल टाकलं, बोटानं पाती फिरवली, कागद परत चिकटवला. बटन दाबलं. आमाला वाटलं चालूच झाला न्हाय. हे वाकून बघाय लागले, पाती तर फिरत हुती. भाईरची तालमीतली पोरं बॉल खेळताना वरडत हुती ती ऐकू आली. शेजारच्या मोरीत पानी पडालेलं ऐकू आलं.

पोरगी फरशीवर बसलेली. मी मागं गेले नि हातातलं पातेलं सोडलं. ती वळली. माझ्या डोळ्याला पानी आलं, मी तिला उचलली, मुकं घेतलं, आत्याबाईंकडं बघून म्हनले, बघितलं न्हवं? आनि म्हनता म्हनताच माझी नजर पडलेल्या पातेल्यावर गेली. फरशी हादरली हुती. मागाच्या शेडात कुनाला काय ऐकू येत न्हाय, माग बंद पडला तर आमाला पायाला कळायचं. शेडात हाक मारत न्हाईत. म्होरं यायचं, खांद्याला हात लावायचा, व्हट हलवायचं, भुवया उडवायच्या, हातानं सांगायचं. मी ल्हानपनापास्नं तशीच बोलते. पोरगीसंगं धा म्हैने तशीच बोलले, तिच्या तोंडाम्होरं येऊन, हातवारं करून, आनि ती खदाखदा हसायची. मी समजले, ऐकालीय.

मी तिला पलंगावर दोन गाद्यांवर बसवली. मागं हुभी ऱ्हायले. ताटावर उलथनं हानलं. हे दचकून वळले. दारातल्या आत्याबाई वळल्या. पोरगी गोधडीचा कोपरा चावत हुती. पुन्ना हानलं. पुन्ना.

"काय चाललंय तुजं?" हे म्हनले. त्यांना फॅनचंच कवतिक हुतं.

मी म्हनले, "तुमी हाक मारा तिला. मागनं."

त्यांनी मारली. ती वळली न्हाय. जरा मोठ्यानं मारली. मग ह्यांनी एक चमत्कारिक काम केलं. पडद्यावर कुनाची तरी पत्रिका उघडी हुती, सेवबी केली नव्हती, तसंच बोर्डावरचं बटन बंद केलं, वरचा पंखाबी बंद केला. खोलीत कसलाच आवाज ऱ्हायला न्हाय. पलंगामागं येऊन परत हाक मारली. मग मारतच ऱ्हायले, एकसारखं, लाडाचं नाव, खरं नाव, बाळा, माझे आई, आवाज फाटंपर्यंत.

शेजारीन हात पुसत दारात आली. "दादा, कुनाला हाका मारालाय?" ती म्हनाली. "पोरगी म्होरंच हाय की."

आत्याबाईंनी मान खाली घातली. मग मीच म्हनले, तिला ऐकू येत न्हाय. माझा आवाज लई मोठा आला, सवयीनं, वरडल्यागत. आनि पोरगी पलंगावर आमच्याकडं पाठ करून गोधडी चावत बसलेली.