भाच्याला व्हिस्की शिकवली, ताईसमोर

मागच्या महिन्यातला रविवार. सकाळी नऊच्या सुमारास निखिलचा फोन आला... "मामा, मले व्हिस्की प्यायले शिकवा न."

निखिल म्हणजे माझा भाचा, सुनंदाताईचा एकुलता एक मुलगा. वय अठ्ठावीस, नागपूरला नोकरी, दोन दिवस आईकडे कटंगीला आला होता. पुढच्या आठवड्यात त्याच्या कंपनीचं मोठं डिनर होतं. मागच्या वेळी कोणीतरी हातात ग्लास दिला, याने एका दमात रिकामा केला आणि सगळ्यांसमोर उलटी झाली... ऑफिसात अजून त्याची नक्कल करतात म्हणे.

त्याने मला विचारलं, यात नवल नाही. बालाघाटला माझं बियाण्याचं दुकान आहे, पण मित्रांमध्ये ओळख 'व्हिस्कीवाला' अशीच. शनिवारी संध्याकाळी दोन छोटे पेग, गेली पंधरा वर्षं. इथे फेसबुकवरही तुम्ही लोक मला तेच विचारता.

पण अडचण होती. निखिलचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, दारूनेच गेले. निखिल तेव्हा अकरावीत होता. त्या घरात अजूनही हा विषय कोणी काढत नाही.

मी त्याला सांगितलं, "आईला विचारून ये. चोरून मी शिकवणार नाही." मला वाटलं, संपलं प्रकरण.

दुपारी दारात बाइक थांबली. निखिल... आणि मागच्या सीटवर ताई!

"मले बी पाहू दे बाबू, काय शिकवतं तू ते," ती म्हणाली आणि समोरच्या खुर्चीत पदर सावरून बसली.

आता माघार घेणं शक्य नव्हतं. आधी निखिलकडून बाइकची चावी घेतली आणि मुक्काम इथेच करा म्हणून सांगितलं. मग दोघांना पोटभर जेवायला घातलं. नवीन माणसाने या दोन गोष्टी पहिल्यांदा शिकाव्यात, चव नंतर.

ग्लास लहान आणि तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे वास आत धरून राहतो. तीस एमएल पुरे. नाक ग्लासात खुपसायचं नाही, थोडं दूर धरायचं आणि तोंड किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर नुसता झणका बसतो. मग चमचाभर साधं पाणी घालायचं... चव मोकळी होते. बर्फाने चव दबते आणि कोल्ड्रिंकमध्ये तर आपण किती प्यायलो तेच कळत नाही, म्हणून सुरुवातीला दोन्ही नको. बाजूला पाण्याचा मोठा ग्लास हवाच. एका घोटामागे दोन घोट पाणी.

माझ्या आवडीच्या तीन आहेत. ब्रँड लिहीत नाही, प्रकार सांगतो. पहिली आयरिश... हलकी, गोडसर, नवख्याला चालणारी. दुसरी आपल्याकडची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यात नुसत्या मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली. आपल्या गरमीत ती लवकर मुरते, आणि मी घेतो तिला वाळत घातलेल्या मोहफुलांसारखा वास येतो. तिसरी धुराच्या वासाची स्कॉच. स्कॉटलंडात तिची बार्ली दलदलीतल्या वाळलेल्या मातीच्या धुरावर वाळवतात. ही शेवटी. पहिल्याच दिवशी ती घेतली तर माणूस व्हिस्कीचं नाव टाकतो.

निखिलसाठी मी पहिली काढली. ताई मन लावून बघत होती. मी माप भरलं तेव्हा तिने विचारलं, "हे मापानंच घेतं का तू?"

"हौ ताई, नेहमी. दोन झाले की बाटली कपाटात."

तिने ते माप हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, "तुझे भाऊजी बी मोजतच होते... पहिले दोन वर्षं. इंग्लिश दारूच होती त्यायची बी."

आवाजात राग नव्हता. नुसती माहिती द्यावी तसं म्हणाली. मी बाटलीचं झाकण लावलं.

निखिलने सांगितल्याप्रमाणे वास घेतला. छोटा घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळला. डोळे मिटून बसला. मग ग्लास माझ्याकडे सरकवला.

"काहून रे, नाही आवडली?" मी विचारलं.

"आवडली न मामा. लय आवडली," तो म्हणाला. "म्हणूनच नको."

ताईने हात पुढे करून त्याचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मी उठून चहा ठेवला. दुसरं काय करणार...

पण शिकवणी थांबली नाही, हे विशेष. संध्याकाळपर्यंत निखिल खोदून खोदून विचारत होता. व्हिस्की मुरवतात त्या पिंपाच्या लाकडाने रंग कसा येतो, आयरिश हलकी का लागते, धुराचा वास कुठून येतो. मी तिन्ही प्रकार थेंब-थेंब वेगळ्या ग्लासांत काढले, ताईने त्यांचा वास घेऊन पाहिला आणि धुरवाल्याला नाक मुरडलं... "हा तं चुलीतला जळका बोळा हाय!"

डिनरच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. हातात लिंबूसोडा घेऊन त्याने बाहेरच्या पाहुण्यांशी अर्धा तास व्हिस्कीवर गप्पा मारल्या. ते याला मोठा जाणकार समजले. ग्लासात काय आहे ते कोणी विचारलंच नाही म्हणे!

मी मात्र त्या आठवड्यात शनिवारी बाटली काढलीच नाही. न काढता जमतं का, ते बघायचं होतं. जमलं... पण सोपं गेलं नाही, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

त्यामुळे यापुढे कोणी नवीन माणूस विचारेल तेव्हा ग्लासाच्या आधी घरचं विचारणार आहे. आपल्या घरात दारूने कोणाचं काय केलं, ते ज्याने जवळून पाहिलंय त्याच्यासमोर एकदा बसा, मग ठरवा. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं... ताई, तू आलीस ते फार बरं केलंस.